पान एकसष्ट

४ जानेवारी

धाकटे,

आशीर्वाद लिहायला पेन टेकवलं आणि हात थांबला. चार वर्षांत एक ओळ न पाठवलेल्या बाईने एकदम आशीर्वाद देत सुटू नये. म्हणून नुसतंच धाकटे.

काम आहे म्हणून लिहिते आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे ताईला उशिरा का होईना माया फुटली असं तुला वाटायला नको.

तुझ्याकडे यांच्या आवाजाची एक कॅसेट आहे. आमच्या घरून तू वसतिगृहात राहायला गेलीस, त्या वर्षी यांनी ती भरून तुला टपालाने पाठवली. मला सांगितलं नव्हतं. पण रजिस्टरची पावती शर्टाच्या खिशात राहिली, आणि यांचे काय नि गल्लीतल्या सगळ्यांचे काय, शर्ट माझ्याच इस्त्रीखालून जायचे. तेव्हा मला अजून धड वाचता येत नव्हतं. समोरच्या डॉक्टरीणबाईंकडून पावती वाचून घेतली. तुझं नाव निघालं. ती परत खिशात ठेवली आणि खिशावरून इस्त्री फिरवली. तीस वर्षांत त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. आता ती कॅसेट मला हवी आहे, म्हणून बोलते.

का हवी ते ऐक.

माझ्याकडे अशा अकरा होत्या. तुला त्यांचा पत्ता नसणार. तू गेल्यावर मी यांना म्हणाले, मला वाचायला शिकवा, पण समोर बसून नको, लाज वाटते. अक्षरं तेवढी पाटीवर करून दिली. मग हे सकाळी छापखान्यात जायच्या आधी टेपरेकॉर्डरपुढे बसून पुस्तकातली थोडी पानं वाचून ठेवायचे. दुपारी मी इस्त्री बंद करायचे, तेच पुस्तक उघडायचे आणि आवाजामागून बोट फिरवायचे. पुस्तक कुठलं? बोटीवरच्या आचाऱ्याची ती जाडजूड कादंबरी, जी वाचून तुम्ही दोघं खिदळायचात. तेच हवं असा माझा हट्ट होता.

हे मुद्रितं तपासायचे. छापखान्यात एकजण मोठ्याने वाचतो आणि दुसरा आपल्या कागदावर बोट ठेवून ताडून बघतो. वाचणाऱ्याने शब्दांबरोबर खुणाही वाचायच्या असतात. ती सवय घरीही सुटली नव्हती. "आचारी उठला स्वल्पविराम त्याने खिडकी उघडली पूर्णविराम." अकराच्या अकरा कॅसेट अशाच. तिऱ्हाइताने ऐकलं असतं तर म्हणाला असता, माणसाला काहीतरी झालंय.

हे गेल्यावर रोज दुपारी एक बाजू ऐकायचे. ऐकून ऐकून फिती ओढू लागल्या. आवाज पाण्याखालून आल्यासारखा यायचा. बाजारात एका दुकानावर पाटी दिसली, जुन्या कॅसेटमधल्या आठवणी कायमच्या जपून देऊ. मी अकराही नेऊन दिल्या. काउंटरवरच्या मुलीने एक लावून बघितली आणि म्हणाली, किती गोड आवाज आहे आजोबांचा. कुठलं पुस्तक आहे हो आजी? मी नाव सांगितलं, तिने लिहून घेतलं. तिने तो आवाज माझ्यादेखत ऐकला हेच मला सहन झालं नव्हतं. नाव कशाला हवं, हे विचारायचं राहिलं.

तीन आठवड्यांनी बोटाएवढा पेनड्राइव्ह आणि तो लावायचं छोटं यंत्र घरी आलं. बटण दाबलं. आवाज यांचाच. त्यात काही शंका नाही. पण एकही स्वल्पविराम नाही. आचारी उठला, त्याने खिडकी उघडली, आणि हे रेडिओवर बातम्या देणाऱ्यासारखे पुढे निघाले. माझं बोट मागे राहिलं. पाच मिनिटांत बंद केलं ते आजतागायत लावलं नाही.

दुकानदार म्हणतो, आम्ही आवाज साफ केलाय. खरखर काढली, खोकला काढला, मधलं अनावश्यक काढलं. मूळ कॅसेट मागितल्या तर म्हणतो, काम झाल्यावर नष्ट करतो, नियम आहे. कुठला नियम? पावतीच्या पाठीपोटी कुठेच छापलेला नाही.

मी ग्राहक तक्रार कार्यालयात अर्ज दिला आहे. मला माझ्या कॅसेट परत हव्यात, दुसरं काही नको. सुनावणी ११ फेब्रुवारीला. खरा माणूस कसा वाचायचा त्याचा नमुना आणा म्हणतात. माझ्याकडचं सगळं त्यांनी गिळलं. उरली ती तुझी.

यांच्या वेळी तुला कळवायला उशीर झाला तो टपालाचा घोटाळा. तो विषय पुन्हा उगाळू नये.

ताई


२० जानेवारी

धाकटे,

उत्तर नाही. बरं.

तू असं समजत असशील की मी घरबसल्या एक कागद खरडला नि तुझ्यामागे लागले. तर मी कुठे कुठे फिरले ते कळू दे.

आधी पोलीस चौकीत गेले. तिथला हवालदार भला होता, बसायला खुर्ची दिली. म्हणाला, आजी, वस्तू दिली, वस्तू मिळाली, आवाज तुम्हीच ओळखता, मग चोरीला काय गेलं लिहू? मी म्हटलं, स्वल्पविराम. त्याने पेन खाली ठेवलं आणि चहा मागवला.

मग व्यापारी संघात. अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा हळहळले, आणि दुकानदाराला फोन लावला तेव्हा त्याला "मामा" म्हणाले. मी पिशवी उचलली.

मग फोनवरची मदतवाहिनी. एक दाबा, चार दाबा, थांबा. बारा मिनिटं एकच धून ऐकली. शेवटी एक मुलगी आली नि म्हणाली, तक्रार नोंदवली, क्रमांक घ्या. क्रमांक लिहून घेतला, पण त्याचं पुढे काय करायचं ते तिलाही ठाऊक नव्हतं.

शेवटी छापखान्यातला यांचा जुना कंपोझिटर रस्त्यात भेटला. त्याने एका दमात सांगितलं. वहिनी, पावती जपून ठेवा. आधी दुकानदाराला लेखी कळवा, पोच घ्या, पंधरा दिवस द्या. मग ग्राहक तक्रार कार्यालय, टपाल कचेरीच्या वर तिसरा मजला. अर्जाच्या तीन प्रती, वकील लागत नाही. त्याच्या मिक्सरच्या तक्रारीच्या वेळी हा सगळा अर्ज यांनीच लिहून दिला होता म्हणे. मला हे कधी बोलले नाहीत. अशी किती माणसं आहेत, ज्यांना यांनी काही दिलं आणि मला ते रस्त्यात कळतं, कोण जाणे.

कार्यालयात एक लांब बाक आहे. माझ्या शेजारी एक बाई बंद पडलेल्या शिलाई मशीनची तक्रार घेऊन बसली होती. बरोबर तिची बहीण. ती बहीण हिच्या कागदांना टाचण्या लावत होती आणि पूर्ण वेळ हिला बोलत होती, तुला बजावलं होतं ना, घेऊ नकोस म्हणून. आणि ही चिडून, हो गं बाई, तूच शहाणी. मला त्या मशीनवालीचा इतका हेवा वाटला की माझा क्रमांक पुकारला तो ऐकूच आला नाही.

अर्ज मी स्वतः लिहिला. अधिकारी बाईंनी वाचला आणि विचारलं, कुठवर शिकलात? मी म्हटलं, अकरा कॅसेट.

कॅसेट पाठव.

ताई


३ फेब्रुवारी

धाकटे,

पुडकं मिळालं. चारी बाजूंनी कापूस, वर पुठ्ठा, त्यावर दोरा. तुझं बांधणं पहिल्यापासून असंच नेटकं. आत चिठ्ठी एका ओळीची, "काम झालं की परत कर." अक्षर अजून तस्संच, तिरकं, घाईचं, एका दमात लिहिणाऱ्याचं. मी एक ओळ लिहिते तर तीनदा खाली बघते, पट्टीवर बसलीय का.

मला वाटलं होतं कॅसेट झिजलेली असेल. तुझी तर नवी कोरी. डबीलासुद्धा ओरखडा नाही. मी रोज ऐकून माझ्या संपवल्या, आणि तू ठेवून दिलीस. ज्याला भरपूर मिळालंय त्यालाच असं ठेवून देता येतं.

डबीवर यांनी लाल पेन्सिलीने तुझं नाव लिहिलंय. माझ्या अकरांवर नुसते आकडे होते.

मी ऐकलेली नाही. टेपरेकॉर्डर समोर आहे, वीज आहे, दुपार आहे. पण नाही ऐकली. तुझ्यासाठी हे कसे वाचत होते ते आधी एकटीने ऐकायची माझ्यात ताकद नाही. कार्यालयात चारचौघांत ऐकेन. तिथे रडता येत नाही आणि उठून जाता येत नाही.

खरं सांगू का, तुम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी वाचत बसायचात ना, तेव्हा मी आत कपड्यांना पाणी मारत असायचे. तू वाचायचीस, हे दुरुस्त करायचे, मग उलटं. एका पानाला तुम्ही इतकं हसलात, की तुला ठसका लागला आणि हे पाणी आणायला आत आले. मला बघून म्हणाले, अगं, तूही ये ना. हसू तसंच चेहऱ्यावर होतं. मी म्हटलं, इस्त्री तापलीय. त्या दिवसापासून आमच्या घरात काहीतरी तापलेलंच राहिलं.

घरमालकाने तक्रार केली, तिसरं माणूस ठेवता येणार नाही म्हणाला, असं मी तुला सांगितलं आणि तू वसतिगृह बघितलंस. आठवतं?

घरमालक काही म्हणाला नव्हता.

ताई


११ फेब्रुवारी

धाकटे,

तुझ्या कॅसेटने मला बुडवलं.

अधिकारी बाईंची खोली लहान. टेबल, चार खुर्च्या, एक कपाट, त्याचं दार पुठ्ठ्याची घडी घालून बंद ठेवलेलं. बाईंना सर्दी होती. दुकानदार स्वतः आला होता, स्वच्छ शर्ट, अदबीने वागणारा. मला बघून उभा राहिला. असा माणूस वाईट वागला तर जास्त चीड येते.

मी माझं म्हणणं सांगितलं. हे खुणांसकट वाचायचे, दुकानाने दिलेल्या वाचनात खुणा नाहीत, म्हणजे हे यांचं वाचन नाही, दुसऱ्या कशाने तरी बनवलेलं आहे. बाई म्हणाल्या, नमुना लावा.

लावला.

धाकटे, त्यात एकही खूण नाही. दिवा राखणाऱ्या म्हाताऱ्याची ती गोष्ट हे असे वाचतात, जसं पाणी उतारावरून जातं. कुठे अडत नाहीत, कुठे "स्वल्पविराम" नाही, म्हाताऱ्याचा आवाज वेगळा, त्याच्या नातीचा वेगळा. यांना असं वाचता येत होतं हे मला चाळीस वर्षांच्या संसारात माहीत नव्हतं.

दुकानदार मान हलवत ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, मॅडम, हेच तर आमचं म्हणणं आहे. साहेब उत्तमच वाचायचे. आम्ही फक्त मधलं काढलं. आजींना सवय नसल्यामुळे वेगळं वाटतंय.

सवय नसल्यामुळे. बरोबर बोलला तो. तुझ्यासाठी गाणं आणि माझ्यासाठी छापखाना. तुला नातीचा आवाज काढून दाखवला, आणि मला पूर्णविराम.

बाईंनी मला आणखी एक तारीख दिली, २७ फेब्रुवारी. म्हणाल्या, आजी, तेवढ्यात तुम्हाला दिलेलं सगळं वाचन ऐका. पाच मिनिटं ऐकून तक्रार टिकत नाही. पुराव्यात काय आहे ते तक्रारदाराला आधी माहीत हवं.

तुझी कॅसेट अजून त्यांच्या फायलीत आहे. पहिलीच बाजू वाजवली. मला तर वाटतं तिथेच राहू दे.


१५ फेब्रुवारी

धाकटे,

मागचं पत्र तापून लिहिलं होतं. खाली नाव घालायलासुद्धा विसरले. आज शांतपणे लिहिते आहे, कारण घडलंय ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.

बाईंचं ऐकलं. पुस्तक काढलं, टेबलाशी बसले, ते छोटं यंत्र लावलं. आवाज पळत होता, मी बोट त्याच्यामागे पळवत होते. पहिला दिवस, वीस पानं. दुसरा दिवस, चाळीस. एकही चूक सापडेना. मला वाटू लागलं की दुकानदार खरा आणि मीच खुळी.

आज दुपारी साठावं पान संपलं. मी समोरच्या पानावर आले. बोट पुढच्या ओळीवर ठेवलं, आणि आवाज दुसरंच काही वाचायला लागला. बोटाखाली आचारी बंदरावर उतरलेला. आवाजात तो अजून बोटीवर. माझं बोट जागच्या जागी थांबलं आणि हे आपले वाचतच होते. जे पान माझ्यासमोर नव्हतं ते वाचत होते.

आपल्या पुस्तकात एकसष्ट-बासष्ट पान नाही, धाकटे. साठानंतर त्रेसष्ट.

नाही, कारण मी ते फाडलं. तुला ठसका लागला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. तू कॉलेजला, हे कामावर. पुस्तक टेबलावर उलटं घालून ठेवलेलं होतं, त्यावरून कळलं की हेच ते पान. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. ते मी शिवणीजवळून ओढलं, चुरगाळलं आणि शेगडीत घातलं. मला वाटलं तुम्ही विचाराल. दोघांनीही विचारलं नाही. ते न विचारणं मला विचारण्यापेक्षा जास्त लागलं.

पुढे हे माझ्यासाठी कॅसेट भरत होते, तेव्हा त्या जागी पोचले. खऱ्या कॅसेटमध्ये, चौथीच्या पहिल्या बाजूला, हे थांबतात. घसा साफ करतात. मग म्हणतात, "इथे एक पान नाही. काही हरकत नाही, मी सांगतो." आणि सरळ मनाने एक पान रचतात. आचारी घरी बायकोला पत्र लिहितो, की आज समुद्र शांत आहे स्वल्पविराम तू काय जेवलीस ते कळव पूर्णविराम. एवढंच, पण त्यांनी ते पानभर पुरवलं. ते मला तोंडपाठ आहे. मी कितीदा ऐकलं असेल.

म्हणजे दुकानदाराने काय केलं ते आता कळलं. कॅसेट त्याच्याकडून बिघडल्या. एखादी शाबूत राहिली असेल, तिच्यावरून यंत्राला यांचा आवाज शिकवला. पुस्तकाचं नाव त्या मुलीने लिहून घेतलंच होतं. नवं पुस्तक आणलं, अख्खं, आणि यंत्राकडून वाचून घेतलं. यांच्या तोंडी ते पान घातलं, जे या घरात तीस वर्षं नव्हतं.

आणि एक सांगू? तुम्ही कशाला हसलात ते मला आज कळलं. कप्तानाचा चष्मा हरवतो आणि तो खुंटीवर टांगलेल्या कोटाला आचारी समजून दहा मिनिटं झापतो. बस, एवढंच. मी तीस वर्षं त्या पानात काय काय कल्पिलं होतं. आणि त्यात एक कोट होता.

मला हसू आलं. खोट्या आवाजात ऐकून, एकटीला, ठसका लागेपर्यंत.

ताई


२८ फेब्रुवारी

धाकटे,

काल सुनावणी झाली. निकाल शेवटी सांगते, आधी मधलं.

मी पुस्तक टेबलावर ठेवलं, साठावं पान उघडलं आणि त्यांचं यंत्र लावलं. बाईंनी स्वतः बोट ठेवलं. बोट थांबलं, तशा त्यांनी चष्मा काढला आणि दुकानदाराकडे बघितलं.

तो हुशार. म्हणाला, मॅडम, पान काल फाडलेलं नाही कशावरून? आजींनी तक्रारीसाठीच फाडलं असेल.

मी म्हटलं, तीस वर्षांपूर्वी फाडलंय. बाई म्हणाल्या, कोणी? मी म्हटलं, मीच. कशासाठी? लेखनिक यंत्रावर टाइप करत होता, त्याचीही बोटं थांबली.

मी म्हटलं, "माझा नवरा आणि माझी बहीण ते पान वाचून हसले होते. मला वाचता येत नव्हतं. मला बघवलं नाही."

लेखनिकाने बाईंना हळूच विचारलं, हे काय लिहू? बाई म्हणाल्या, जसं सांगतायत तसं. आता ते सरकारी कागदावर आहे. पाहिजे तर नक्कल मिळते.

तेवढ्यात बाई त्रेसष्टाव्या पानावर वाकल्या. वरच्या कोपऱ्यात शिवणीच्या अगदी आत, फिकट लाल पेन्सिलीने बारीक काहीतरी होतं. मी इतक्या वर्षांत ते पाहिलं नव्हतं. पाहिलं असेल तर डाग समजले असेन. छापखान्यात कागद कमी आला की हे जशी नोंद करत तशीच नोंद होती. "मागील पान गहाळ. मूळ मागवू नये." खाली यांची सही, तारीख. तू गेलीस त्याच महिन्याची.

इतरत्र हे नेहमी "मूळ मागवावे" लिहीत. कंपोझिटरला विचार हवं तर. इथे मागवू नये. म्हणजे कळलं होतं यांना. कोणी फाडलं, का फाडलं, सगळं. दुकानात ते पुस्तक मिळत होतं, आणलं नाही. त्याऐवजी मला समुद्रावरून पत्र पाठवलं.

मला त्या खोलीत रडायचं नव्हतं.

दुकानदाराने मग फार ताणलं नाही. त्याच्या मागच्या खोलीत पाणी शिरलं, दहा कॅसेट गेल्या, एक वाचली. म्हणाला, आजी, खरं सांगितलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं. वाईट वाटू नये म्हणून केलं.

ते वाक्य ऐकून मला जे झालं ते तुला वेगळं सांगायचं आहे, पण आज नाही.

निकाल असा. उरलेली कॅसेट परत, लेखी माफी, दुकानावरची पाटी उतरवायची, आणि यापुढे यंत्राने बनवलेलं असेल तर तसं पावतीवर छापायचं. माझं शुल्क मिळालं. दहा कॅसेट मात्र कोणत्याच कार्यालयाला परत करता येत नाहीत. उरली ती सातवी. चौथी गेली. समुद्रावरचं पत्र आता फक्त माझ्या तोंडी आहे.

तुझी कॅसेट त्यांनी पाकिटात घालून, सही घेऊन माझ्या हातात दिली. लवकरच पाठवते.

ताई


९ मार्च

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. चार वर्षांनी तुझं पत्र, आणि त्यात दोनच प्रश्न. दुसऱ्या बाजूचा शेवट ऐकलास का? आणि, तेव्हा मला का बोलावलं नाहीस?

पहिल्याचं उत्तर. ऐकला. तुझं पत्र हातात घेऊनच ऐकला. गोष्ट संपते, जरा वेळ नुसतीच फीत फिरते, आणि मग हे म्हणतात, "धाकटे, ताई दुपारी पुस्तक उघडून बसते. मी विचारत नाही, तूही विचारू नकोस. तुला वाचून दाखवणं सोपं आहे गं. तिच्यासाठी वाचताना मला घाम फुटतो. एक खूण सुटली तर तिचं बोट अडेल."

छापखान्यात खुणांसकट कोणासाठी वाचतात? ज्याच्या हातात दुसरा कागद असतो त्याच्यासाठी. नुसतं ऐकणाऱ्यासाठी कोणी तसं वाचत नाही. हे मला ठाऊक होतं आणि कळलं नव्हतं. तू लिहितेस की ती कॅसेट तू एकदाच ऐकलीस, कारण अख्खी तुझ्यासाठी होती आणि शेवट माझा. म्हणजे तूही जळत होतीस. मला वाटायचं की मी एकटीच.

आता दुसऱ्याचं उत्तर.

टपालाचा घोटाळा झाला नव्हता. तू विचारलं होतंस, भाऊजी कसे आहेत, मी निघू का? त्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, फार तर पंधरा दिवस. आणि मी तुला लिहिलं, आता बरे आहेत, उगाच धावपळ करू नकोस. अक्षर चांगलं यावं म्हणून दोनदा लिहून काढलं.

यांनी तुला बोलवायला सांगितलं होतं. एकदा नाही, तीनदा. मी म्हणाले, कळवलंय, येईल. हे दाराकडे बघत राहिले. शेवटचा दिवस होता तेव्हाही पायाचा आवाज झाला की मान वळवायचे.

मी मनाशी म्हणत होते, तिला वाईट वाटू नये म्हणून कळवत नाही. तिची नोकरी, लांबचा प्रवास. दुकानदार बोलला तेच, शब्दाला शब्द. खरं इतकंच होतं की ते पंधरा दिवस मला एकटीला हवे होते. तू आली असतीस तर तू वाचून दाखवलं असतंस, आणि हे हसले असते. मी त्यांना ते हसू मिळू दिलं नाही.

तुझी कॅसेट या पाकिटात आहे, पुन्हा कापूस, पुठ्ठा, दोरा. बांधणं तुझ्यासारखं जमलेलं नाही. सातवीही सोबत पाठवते. ती तुला खुणांसकट ऐकावी लागेल. पुस्तक माझ्याकडे आहे, त्यामुळे ऐकायला इथे यावं लागेल, पण त्याची सक्ती नाही.

सोबत एक छापील अर्जही आहे. कार्यालयातून येताना एक कोरा जास्त मागून घेतला होता. बाईंनी विचारलं, आणखी कोणी फसवलंय का आजी? मी म्हटलं, हो, पण तक्रारदार मी नाही.

मी तो जमेल तेवढा भरलाय. तक्रारदार, धाकटी बहीण. विरुद्ध पक्ष, थोरली. तक्रारीचं स्वरूप, जाणूनबुजून खोटी माहिती देऊन न भरून येणारं नुकसान करणे. पुरावा, माझंच पत्र, ते तू ठेवलं असशील तर. विरुद्ध पक्षाचं म्हणणं, तक्रार मान्य आहे.

शेवटचा रकाना आहे, तक्रारदाराची मागणी. तो मी कोरा ठेवलाय. तुला जे योग्य वाटेल ते लिही. काहीच नको असेल तर तसं लिही, पण तुझ्या अक्षरात लिही.

तक्रार कुठे द्यायची म्हणशील, तर पत्ता जुनाच आहे, डॉक्टरीणबाईंच्या समोर. अधिकारी बाईंचं कार्यालय दहाला उघडतं. मी सहाला उठते.

ताई